मालेगावच्या उर्दू शाळेतील मराठीचा तास



कामगार संघटनेच्या माणसांनी शाळेतल्या भाषेवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु मराठी ही १९६४ च्या कायद्याने राज्याची राजभाषा झाली. तलाठ्याचा उतारा मराठीत, सरकारी नोटीसही मराठीत. आपण कशावर सही करतो हे दुसऱ्याला विचारावे लागणे, ही लाचारी आम्ही यंत्रमागांच्या गल्ल्यांतून जवळून पाहिली आहे.

मालेगाव आपल्याच जिल्ह्यातले. उत्तरेतून आलेल्या विणकरांनी तिथे माग उभे केले, घरची भाषा उर्दू राखली. २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची केली, हे योग्यच झाले. पण कायदा काही वर्गात उभा राहून शिकवीत नाही. शिकवतो तो सराव पाठ घ्यायला आलेला छात्राध्यापक, आणि त्याची तिथे त्रेधा उडते.

फळ्यावर तो डावीकडून लिहितो. मुलांचा हात उजवीकडून चालतो. उर्दूत ‘ळ’ नाही, म्हणून ‘वेळ’चा ‘वेल’ होतो. उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन. ‘ते पुस्तक’ म्हणताना मूल अडखळते. ‘खाली बस’ म्हटले की त्याला रिकामी बस दिसते, आणि ‘तालीम’ म्हणजे त्याच्या घरी शिक्षण, आपल्याकडे आखाडा! ही मुले मंद नव्हेत. ज्यांच्या कानी मराठी जन्मापासून पडते त्यांच्यासाठी केलेले टाचण त्यांच्यापुढे उलगडले, दोष एवढाच.

वास्तविक भांडवल त्यांच्यापाशी आहे. जमीन, कागद, दुकान, हक्क, अर्ज, तारीख, कारखाना हे शब्द त्यांचेही आणि आपलेही. यांपासून आरंभ केला तर पहिल्याच तासाला मुलाचे तोंड उघडेल. आणि मराठी परक्यांची, असे कोणी म्हणेल, तर सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीतच लिहिला, हे त्याला सांगावे.

आमचे मागणे थोडके आहे. अध्यापक विद्यालयांनी दुसरी भाषा कशी शिकवावी, हे वेगळे शिकवावे. उर्दू शाळेत जाणाऱ्या छात्राध्यापकाला उर्दूची अक्षरओळख द्यावी. दोनचार पाठांवर त्याची बोळवण न करता त्याला तिथे महिनाभर तरी राहू द्यावे. मागावर नवा हात बसवताना जुना कारागीर शेजारी उभा राहतो. मग शाळेतच नवख्याला एकटे का सोडावे?

उद्या त्या मुलाने आपला अर्ज आपल्या हाताने लिहिला, तर आमच्या संघटनेचे निम्मे काम त्या शिक्षकाने केले, असे आम्ही समजू.