निर्दोष माणसांचा कंटाळा



अध्यक्षाने आधी आभार मानायचे असतात. ते मानले असे समजा. वेळ थोडा आहे आणि मला भांडायचे आहे.

या संमेलनाच्या कथास्पर्धेचे पत्रक माझ्या हातात आहे. त्यात अट आहे, ‘कथा संस्कारक्षम असावी.’ अटीचा प्रताप परीक्षक म्हणून वाचलेल्या कथांत दिसला. शेतकरी भोळा, सावकार काळा, पोरगा स्पर्धा परीक्षा पास होणारा आणि ऊसतोड मजूर मूग गिळून बसलेला! अहो, पाथर्डी-शेवगावकडून दरवर्षी टोळ्या निघतात. कोयता म्हणजे काय, उचल म्हणजे काय, हे नगर जिल्ह्यात मी सांगायला नको. दोन मुकादमांची उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, घेऊन तिसऱ्याच्याच ट्रकमध्ये रातोरात बसणारा गडी तुम्हाला ठाऊक आहे. पारावर त्याची गोष्ट तुम्ही चवीने सांगता. कथेत मात्र तो येत नाही, का तर म्हणे मजुरांची बदनामी होईल. उचलीच्या हिशेबात जन्मभर नागवला गेलेला माणूस एकदा मुकादमाला टांग मारतो आणि पुढच्या हंगामात त्याच्या सख्ख्या भावाला कुणी दारात उभे करत नाही. यात कर्ज आले, कारखाना आला, भाऊबंदकी आली. त्याची लबाडी खोडलीत की त्याची अक्कलही खोडली जाते. मग उरतो तो कॅलेंडरवरचा मजूर.

हे मी कुणाच्या जोरावर बोलतो? याच जिल्ह्यातल्या दोन पुस्तकांच्या.

पहिले लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. 1934 पासून भागाभागाने आले. त्यांचे पती रेव्हरंड टिळक म्हणजे मोठे कवी आणि नगरच्या ख्रिस्ती समाजाचे भूषण. त्यांना जाऊन पंधरा वर्षे झालेली. अशा वेळी विधवेने नवऱ्याचा पुतळा उभा करावा, अशीच रीत. बाईंनी काय केले? शीघ्रकोपी टिळक, न सांगता घरातून निघून जाणारे टिळक, पैशाच्या व्यवहारात ज्यांच्या भरवशावर राहू नये असे टिळक, सगळे मांडले. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो बायकोला पत्ता लागू न देता. आणि स्वतःला तरी कुठे सोडले? धर्मांतरानंतर दुरावलेल्या नवऱ्याकडे परत आल्यावरही त्यांनी सोवळे सोडले नाही, त्याच्या हातचे पाणी चालेना. पुढे 1900 मध्ये राहुरीला त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, पण त्याआधी ही शिवाशिव बराच काळ घरातल्या घरात चालली. ती त्यांनी हसत हसत लिहिली, सफाई दिली नाही. पुस्तक वाचून टिळकांविषयीचा ज्याचा आदर कमी झालाय, असा वाचक मला अजून भेटायचा आहे.

दुसरे दया पवारांचे ‘बलुतं’. पवार अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. पुस्तक 1978 चे. गावकीचा अन्याय त्यात आहेच, पण अन्याय सोसणारा माणूस म्हणून निवेदकाने स्वतःला सवलत दिलेली नाही. पहिली बायको सई. तिच्याविषयी मनात शिरलेला संशय, त्या संशयापायी मोडलेला संसार. यात गावाचा दोष काढून आपण सुटावे, असा मोह कुणालाही झाला असता. पवारांनी तो पापाचा वाटा आपल्या नावावर मांडला. घरची लक्तरे वेशीवर टांगली म्हणून आपल्याच माणसांतून बोलणी खाल्ली. मला विचाराल तर गावकीविरुद्धची त्यांची साक्ष खरी वाटते, ती याच पानांमुळे. जो स्वतःला सोडत नाही, त्याने दुसऱ्याला धरले तर आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो.

आता आपल्याकडचे गौरवग्रंथ उघडा. साठी झाली की ग्रंथ, पंचाहत्तरी झाली की ग्रंथ. चेअरमनसाहेब जन्मल्यापासून दूरदृष्टीचे! यावर अधिक बोलत नाही, व्यासपीठावर दोन सत्कारमूर्ती बसल्या आहेत.

कुणी म्हणेल, चुका दाखवा, पण त्यातून नायक शिकला पाहिजे. हा व्याख्यानमालांतला धंदा आहे. हरिनाम सप्ताहातही आपल्याला वाल्या चालतो, कारण शेवटी वाल्मीकी व्हायची हमी आहे. ज्या चुकीची भरपाई होते तेवढीच तुम्ही पदरात घेता. सईचा संसार परत उभा राहिला का? नाही. पवारांनी ती चूक लिहिली, म्हणून आपण त्या चुकीकडे बघू तरी शकतो.

आणखी एक दाखला. याच नगरला 1997 साली सत्तरावे अखिल भारतीय साहित्य संमेलन झाले. अध्यक्ष होते ना. सं. इनामदार. त्यांच्या ‘झेप’ कादंबरीचा नायक म्हणजे पेशव्यांचा कारभारी, आपल्या संगमनेर तालुक्यातल्या निमगावजाळीचा त्रिंबकजी डेंगळे. 1815 साली पंढरपुरात बडोद्याच्या गायकवाडांचे दूत गंगाधरशास्त्री यांचा खून झाला, त्याचा आरोप याच माणसावर. इंग्रजांनी ठाण्याच्या तुरुंगात घातला, तर पुढच्या वर्षी तिथून निसटला. आपण जयंती करायला बसलो तर शेलारमामापासून तानाजीपर्यंत नावे काढू, त्रिंबकजीचे काढणार नाही. इनामदारांनी नेमका तो निवडला. निर्दोष ठरवायला कादंबरी लागत नाही, वकील लागतो. इंग्रजांच्या कागदात जो निव्वळ खलनायक होता, त्याला कादंबरीत महत्त्वाकांक्षा मिळाली, निष्ठा मिळाली, फसलेले डाव मिळाले. आपल्या जिल्ह्यातला एक माणूस आपल्याला परत मिळाला.

तेव्हा संयोजकांना माझी मागणी साधी आहे. पत्रकातली ती अट पुढच्या वर्षी छापू नका. आणि नव्या लेखकांनो, ज्या माणसाविषयी लिहायला तुम्हाला भावकीची भीती वाटते, त्याच्यापासून सुरुवात करा. आणि संयोजकहो, अट ठेवणार असाल तर परीक्षक म्हणून दुसरे कुणी शोधा, मी येणार नाही.