अजिंठ्याच्या नकला

दुसऱ्याच्या चित्राची नक्कल करणें पुष्कळांस कमीपणाचें वाटतें. पण तैलरंगाचे कित्येक धडे त्या नकलेंतच मिळतात. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे ग्रिफिथ्स साहेब यांनीं १८७२ ते १८८५ या काळांत विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगांत नकला करविल्या. पेस्तनजी बोमनजी त्यांपैकींच. शाळेंत हे विद्यार्थी छायाप्रकाशानें देहाची गोलाई दाखवावयास शिकले होते. पहिल्या लेण्यांतील पद्मपाणि मात्र रेषेवर उभा. भुवईची रेषा ढळली कीं रंग कितीही घोटा, मुद्रा गेलीच! त्यांत तेलाला चकाकी, भिंतीला नाहीं. पुष्कळशा नकला १८८५ सालीं लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगींत जळाल्या. पेस्तनजी पुढें पारशी घरांतील माणसांचीं तैलचित्रें काढून नांवाजले.