मागच्या रांगेतील मुले

(मंडळाच्या मंगळवेढे येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आज ज्या मुलामुलींची नावे येथे पुकारली गेली, त्यांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु कार्यकारिणीने मला बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे दुसरीच मुले उभी राहिली. त्यांचे नाव या व्यासपीठावरून कधी पुकारले जात नाही. तीही आज याच मंडपात, मागच्या रांगेत बसली आहेत.

प्रथम माझा स्वतःचा एक अपराध सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. गोष्ट एकदा ऐकली की ती त्यास मुखोद्गत होई. तोंडी हिशेबात त्याचा हात धरणारा वर्गात कोणी नव्हता. एके दिवशी मी त्यास धडा वाचावयास उभे केले. तो अस्खलित वाचू लागला. सहज जवळ जाऊन पाहतो तो त्याच्या हातात भलतेच पान उघडलेले! शेजारच्या मुलाकडून ऐकून त्याने सबंध धडा पाठ केला होता. ‘मास्तरांना फसवितोस?’ असे म्हणून मी त्यास छडीने मारले. वाचता येत नाही हे लपविण्यासाठी या पोराने वाचणाऱ्यांच्या दसपट कष्ट घेतले आहेत, हे मला तेव्हा दिसले नाही. सातवीनंतर त्याने शाळा सोडली.

माझ्या अज्ञानास सबब नाही, कारण ही गोष्ट जगास फार पूर्वीच कळली होती. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टराने पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख, अंकगणितात तरबेज. पण स्वतःचे नाव लिहितानाही त्याची अक्षरे मागेपुढे होत. शिक्षण केवळ तोंडी असते तर हा शाळेतील सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या मास्तरांचे मत होते. आज या अडचणीस डिस्लेक्सिया म्हणतात. हा डोळ्यांचा रोग नव्हे, आळस नव्हे आणि मतिमंदत्व तर मुळीच नव्हे. बोललेल्या शब्दाचे सुटे ध्वनी ओळखणे आणि त्यांची कागदावरील चिन्हांशी गाठ घालणे, हे काम काही मुलांच्या मेंदूस जड जाते. बाकीची बुद्धी शाबूत असते, पुष्कळदा तल्लखही असते.

अक्षर आणि बुद्धी यांची गल्लत निदान आपल्या मंगळवेढ्यात तरी होऊ नये. चोखोबांचे अभंग अनंतभट्टांनी लिहून ठेवले, असे परंपरा सांगते. चोखोबांच्या हाती लेखणी नसण्यास कारण त्या काळची समाजरचना होती. त्याचा या विषयाशी संबंध नाही, आणि ती गोष्ट आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेने विसरूही नये. मला एवढेच म्हणावयाचे आहे की वाणीची उंची लेखणीवरून मोजता येत नाही.

मराठी आपण बव्हंशी जशी लिहितो तशी बोलतो. त्यामुळे ही अडचण केवळ इंग्रजी शाळांतील, असा कित्येकांचा समज आहे. इंग्रजीत ती अधिक उघडी पडते हे खरे; पण मराठीतही खाचखळगे थोडे नाहीत. ‘किती’ या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांस आधी दिसते आणि कानास नंतर ऐकू येते. ‘र’ हे अक्षर ‘सूर्य’मध्ये डोक्यावर चढते, ‘चक्र’मध्ये पायाशी लोंबते आणि ‘राष्ट्र’मध्ये तिसरेच रूप घेते. घ आणि ध, भ आणि म ही जुळ्या भावंडांसारखी. सर्वच लहान मुले आरंभी येथे चुकतात. परंतु दुसरी-तिसरीत पोहोचूनही मूल अक्षर अक्षर लावीत बसत असेल, ‘कमळ’मधून ‘क’ काढल्यावर काय उरते हे सांगताना घोटाळत असेल, काल आलेला शब्द आज पुन्हा नवा वाटत असेल, तर सावध व्हावे. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. ऊसतोडीस जाणाऱ्या आईबापांबरोबर हिंडून ज्याची शाळाच बुडाली, त्याची गोष्ट वेगळी. त्यास आधी शाळा हवी.

आता थोडे कडू बोलतो. ही अडचण पुष्कळदा घराण्यात उतरते. ‘आमच्या काकांनाही वाचता येत नसे, पण दुकानाचा सारा हिशेब तोंडपाठ’, असे आपण कौतुकाने सांगतो. आणि तेच पुतण्यात दिसले की झाकून ठेवतो. का? तर पुढे सोयरीक जुळण्यास अडचण येईल! मुलगी असली तर तिला निमूटपणे घरकामास लावतो. २००७ साली ‘तारे जमीन पर’ पाहून आपण सर्वांनी डोळे पुसले, आणि घरी येऊन मुलास पुन्हा ‘ढ’ म्हटले. बुद्धिवर्धक चूर्णांवर पैसे मात्र सढळ हाताने खर्च होतात. त्यांचा येथे काडीमात्र उपयोग नाही.

उपयोग कशाचा होतो? क्रमाक्रमाने, सावकाश आणि रोज शिकविण्याचा. जुन्या पंतोजींची छडी सोडून द्या, पण धूळपाटी उचला! ताटात बारीक वाळू पसरावी, मुलाने मोठ्याने उच्चार करीत बोटाने अक्षर गिरवावे; कान, डोळा, जीभ आणि हात एकाच वेळी कामास लागतात. वेलांटी आणि रफार आपोआप समजतील असे धरून चालू नये. प्रत्येक स्वतंत्रपणे शिकवावा. रोज पंधरावीस मिनिटे पुरेत, रविवारी तीन तास नकोत. पाहुण्यांपुढे वाचून दाखविण्यास सांगू नये. आणि आईबापांनी त्यास पुस्तके वाचून दाखवावीत, म्हणजे अक्षर अडले तरी ज्ञान अडणार नाही.

मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात तयार झालेल्या ‘डाली’ चाचण्यांत मराठीचा समावेश आहे. आपल्या शासनाने १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांस परीक्षेत सवलती दिल्या, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अडचणीचा अंतर्भाव झाला. जादा वेळ वा लेखनिक मिळण्यास प्रमाणपत्र लागते; त्यासाठी तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. तालुक्याच्या गावाहून हे हेलपाटे गरीब पालकास झेपत नाहीत. मंडळाने बक्षिसांच्या रकमेतून काही भाग या प्रवासखर्चासाठी वेगळा काढावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

तो मुलगा आज विहिरींवरचे पंप दुरुस्त करतो. बिघाड आवाजावरून ओळखतो. दोन वर्षांपूर्वी तो आपल्या मुलीस घेऊन माझ्या दारी आला. ‘गुरुजी, हिचेही माझ्यासारखेच आहे. हिला शिकवा, पण मारू नका,’ एवढेच म्हणाला. तेव्हापासून रोज सायंकाळी ती माझ्या ओसरीवर येते. परवा तिने बोट ठेवीत एक पान वाचले. बारा मिनिटे लागली. बाप उंबऱ्यापाशी उभा राहून ऐकत होता. पान संपल्यावर त्याने मला विचारले, ‘गुरुजी, माझे वय आता फार झाले का हो?’

मी ताटातली वाळू सारखी केली आणि त्यास बसावयास सांगितले.