समुद्राला सातबारा नसतो

देहूरोडच्या आमच्या गटाकडून तुम्हा सर्वांना जय भीम, राम कृष्ण हरी आणि सलाम.

मागच्या बैठकीत वीजबिलावरून विषय निघाला. एकीने विचारले, "अणूपासून वीज होते, तर लोक विरोध का करतात?" म्हणून आज जैतापूरविषयी बोलू.

रत्नागिरी जिल्ह्यात, राजापूर तालुक्यात माडबनजवळ ९,९०० मेगावॉटचा अणुवीज प्रकल्प ठरला. सहा अणुभट्ट्या. माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे या गावांच्या जमिनी घेतल्या. सुरुवातीला बहुतेकांनी मोबदल्याचे चेक नाकारले. मार्च २०११ मध्ये जपानला फुकुशिमाचा अपघात झाला, लाखाहून जास्त लोकांना घरे सोडावी लागली. इकडे धास्ती वाढली. १८ एप्रिलला साखरी नाटे इथे आंदोलनावर गोळीबार झाला आणि एक तरुण मच्छीमार गेला.

२०१३ मध्ये मोबदला हेक्टरी साडेबावीस लाख झाला. पुष्कळांनी तो घेतला. त्यांना आम्ही नावे ठेवत नाही, संसार सगळ्यांनाच आहे. पण मोबदला मिळतो कुणाला? सातबाऱ्यावर नाव असेल त्याला. साखरी नाट्याची माणसे समुद्रावर जगतात आणि समुद्राला सातबारा नसतो. भट्टीचे गरम पाणी समुद्रात सोडणार. मासळी लांब गेली, तर ती निवडणारी, सुकवणारी, पाटी घेऊन बाजारात बसणारी बाई कुठल्या यादीत येणार?

वीज आपल्याला हवीच. चाकणच्या कंपन्यांना हवी, आपल्या मसाला कांडपालाही हवी. अणुविजेला कोळशासारखा धूर नाही, हेही खरे. पण वापरलेले इंधन हजारो वर्षे घातक राहते. ते सांभाळायचे ओझे नातवंडांच्याही नातवंडांवर पडते.

याच अणूचा बॉम्ब होतो. आमच्या गावात दारूगोळ्याचा कारखाना आहे, अनेक घरांची चूल त्यावर पेटते. त्याच गावात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. ११ मे १९९८ ला पोखरणला अणुस्फोट झाले, त्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. देशाचे रक्षण व्हायलाच हवे. पण हिरोशिमात दिसले की अणुबॉम्ब सैनिक आणि तान्हे बाळ यांत फरक करत नाही. म्हणून आमचा त्याला विरोध आहे.

मैत्रिणींनो, प्रकल्प कुठलाही असो, ग्रामसभेला जा. जमिनीबरोबर बायकांचे कामही नुकसानीत मोजा, असे ठरावात लिहून घ्या. आणि सातबाऱ्यावर आपले नाव आहे का, ते या महिन्यात तलाठ्याकडे जाऊन बघा. एकटीने नको, गटाने जा.