चारचौघांत बोलण्याची भीती : कमी खर्चातले उपाय आणि आपला हातभार

(ज्येष्ठ मंडळींच्या मासिक बैठकीत देवळाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रविवारी महाप्रसादाला विद्यापीठात शिकणारी आपली बरीच मुलंमुली येतात. त्यांतला एखादा ताट घेऊन थेट कोपऱ्यात जाऊन बसतो. कोणी विचारलं तर मान हलवतो आणि जेवण होताच निघून जातो. आपण म्हणतो, "पोरगा लाजाळू आहे." कोणी म्हणतं, "शिष्ट आहे." आज मी त्या कोपऱ्यातल्या मुलाविषयी बोलणार आहे.

लाजाळूपणा ओळख झाली की ओसरतो. ही भीती तशी ओसरत नाही. इंग्रजीत तिला सोशल अँग्झायटी म्हणतात. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की छाती धडधडते, घसा कोरडा पडतो आणि "मी चुकेन, लोक हसतील" एवढंच डोक्यात फिरतं. मग मूल ती वेळ टाळतं. टाळलं की लगेच हायसं वाटतं, आणि खरी मेख तिथेच आहे. कारण पुढच्या वेळी भीती आणखी मोठी होऊन समोर येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या आकडेवारीनुसार शंभरातल्या सुमारे बारा प्रौढांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. तेव्हा आपलंच मूल जगावेगळं आहे, असं कोणी समजू नये.

भारतातून आलेल्या विद्यार्थ्याला हे जास्त जड जातं. तिकडे वर्गात गप्प बसणारा मुलगा गुणी ठरतो. इथे कित्येक वर्गांत बोलण्याला, चर्चेत भाग घेण्याला गुण असतात. त्यात उच्चारांचा संकोच आणि डोक्यावर शिक्षणाचं कर्ज. प्रत्येक डॉलरचे मनात रुपये होतात. शे-दीडशे डॉलर देऊन तासभर कोणाशी बोलायचं, हे त्याला परवडत नाही आणि पटतही नाही.

म्हणून एका गरजू तरुणाची गोष्ट सांगतो. अल्बर्ट एलिस हे पुढे जगप्रसिद्ध मानसोपचारतज्ज्ञ झाले. डॉ. अंजली जोशी यांचं 'मी अल्बर्ट एलिस' हे मराठी पुस्तक तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. एकोणीस वर्षांचे असताना एलिस मुलींशी बोलायला विलक्षण घाबरत. त्यांनी स्वतःलाच एक अभ्यास दिला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या वनस्पती उद्यानात महिनाभर जायचं, बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसायचं आणि मिनिटभरात बोलायला सुरुवात करायची. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे अशा १३० जणी भेटल्या. तीस उठून गेल्या, शंभर बोलल्या. भेटायचं एकीनेच कबूल केलं, आणि तीही आली नाही! पण आभाळ कोसळलं नाही, आणि भीती गेली. खर्च शून्य. पुढे नामवंत झाल्यावरही एलिस यांनी न्यूयॉर्कमध्ये दर शुक्रवारी रात्री कोणालाही परवडेल अशा नाममात्र शुल्कात सत्रं घेतली, तीही कित्येक दशकं.

बाकाचा प्रयोग आज कोणी जसाच्या तसा करू नये, पण त्यातलं सूत्र घ्यावं : भीती जाण्याची वाट बघायची नाही. भीती असतानाच लहान पाऊल टाकायचं आणि तेच पुन्हा पुन्हा टाकायचं. विद्यार्थ्याने भीतीच्या प्रसंगांची यादी करावी, सोपं खाली आणि अवघड वर. आधी ग्रंथालयात एक प्रश्न विचारावा. मग प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्समध्ये जावं. ही वेळ विद्यार्थ्यांसाठीच राखलेली असते, ऐकायला एकच माणूस असतो आणि पैसे पडत नाहीत. मग वर्गात एक वाक्य बोलावं. एक पायरी सवयीची झाली की पुढची चढावी.

एवढ्याने भागलं नाही, तर मदत घ्यावी. बहुतेक विद्यापीठांत समुपदेशन केंद्र असतं. तिथली ठरावीक सत्रं सहसा आधीच भरलेल्या फीमध्येच येतात, आणि बऱ्याच ठिकाणी गटात बसून बोलण्याचे वर्गही असतात. जिथे मानसशास्त्राचं वरचं शिक्षण चालतं, तिथे अनेकदा प्रशिक्षण दवाखाना असतो. शिकाऊ उपचारक अनुभवी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उपचार करतात आणि फी ऐपतीप्रमाणे ठरते. भाषणाच्या सरावाला टोस्टमास्टर्सचे क्लब आहेत. ही संस्था १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली. पाहुणा म्हणून बहुतेक क्लबांत फुकट बसता येतं. मराठीतून समजून घ्यायचं असेल, तर ठाण्याच्या आयपीएच संस्थेचे, डॉ. आनंद नाडकर्णी यांचे व्हिडिओ यूट्यूबवर विनामूल्य आहेत. ते आपणही पाहावेत. आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर थांबू नये. ९८८ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य फोन करता येतो, मेसेजही पाठवता येतो.

"घरी कळलं तर?" ही भीती मुलांना असते. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याचं बोलणं समुपदेशक गुप्त ठेवतो. जिवाला धोका असण्यासारखे मोजकेच अपवाद असतात, आणि ते पहिल्याच भेटीत समजावून सांगतात.

आता आपलं काम. त्या मुलाला सगळ्यांसमोर "मूग गिळून का बसलास रे?" असं विचारू नका. "चल, सगळ्यांना गाणं म्हणून दाखव" असा आग्रहही नको. त्याच्या वतीने तुम्हीच उत्तरं देऊ नका, तो दोन क्षण अडखळला तर थांबा. त्याला हाताला काम द्या. पंगतीत वरण वाढताना प्रत्येकाला "अजून हवं का?" एवढंच विचारायचं असतं. चाळीस पानांना चाळीस वेळा विचारलं की तोही सरावच झाला! पुढच्या महिन्यात आरतीची वेळ त्याला माईकवर सांगू द्या. एक वाक्य पुरे. चुकलं तर हसू नका, आणि जमलं तर कौतुकाचा गाजावाजाही नको.

शेवटी विनंती. ट्रस्टच्या विद्यार्थी साहाय्य निधीतून गरजू मुलांच्या उपचारांची फी आणि जाण्यायेण्याचा खर्च द्यावा, नाव कुठेही जाहीर होऊ नये, असं मी विश्वस्तांना सुचवलं आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी निधीला हातभार लावावा. ज्यांना पैसे देणं शक्य नाही, त्यांनी महिन्यातून एका मुलाला गाडीतून देवळात आणावं, किंवा घरी बोलावून पिठलं-भात खाऊ घालावा. आपल्याकडे वेळ आहे, आणि त्या मुलाला घाई न करता ऐकणारं कोणीतरी हवं आहे.

श्रींची कृपा सर्वांवर राहो.