डॅन्यूब बघता बघता नर्मदा

मागे टीमचा व्हिडिओ कॉल चालू होता. व्हिएन्नातल्या एका सहकाऱ्याने कॅमेरा खिडकीकडे वळवला, म्हणाला, ही आमची डॅन्यूब. तुझ्याकडे कुठली नदी? मी शहादा तालुक्यातला, तापीपट्ट्यातला. "तापी" म्हणालो. नर्मदेचं नाव तोंडात आलंच नाही! अख्ख्या महाराष्ट्रात ती फक्त आपल्या नंदुरबार जिल्ह्याला लागते, तरी.

रात्री डॅन्यूबबद्दल वाचत बसलो. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधून निघते, साधारण २८५० किलोमीटर, दहा देश, मग काळा समुद्र. हे सगळं शाळेत घोकलेलंच. पण एका ठिकाणी थबकलो. सर्बिया आणि रोमानियाच्या मधे ती सीमा होऊन वाहते, तिथे 'आयर्न गेट्स' नावाची घळ आहे. १९७२ मध्ये तिथलं धरण पूर्ण झालं. त्या धरणापायी आदा काले नावाचं तुर्की वस्तीचं बेट पाण्याखाली गेलं.

अरे, हे तर आपल्याच घरचं!

नर्मदा अमरकंटकहून निघते, १३१२ किलोमीटर वाहते. त्यातले जेमतेम ५४ आपले, तेही एकाच काठाचे. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुके, सातपुड्याचे उभे कडे, समोर आधी मध्य प्रदेश, मग गुजरात. धरण खाली गुजरातमध्ये, पण पाणी मागे तुंबतं ते आपल्या दऱ्यांत. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं बुडिताखाली आली. १९७९ च्या लवादाच्या निवाड्यात २८ दशलक्ष एकर-फूट पाण्यापैकी गुजरातला ९ मिळालं, महाराष्ट्राला ०.२५. विजेतला वाटा २७ टक्के. आकडा बरा दिसतो, पण त्याने कोणाचं शेत परत येत नाही.

कॉलेजातला माझा रूममेट त्याच काठच्या एका पाड्यातला. घरचे आता तळोद्याकडच्या पुनर्वसन वसाहतीत राहतात. एकदा मी त्याला म्हटलं, मॅपवर गाव दाखव ना. त्याने झूम केलं, अजून झूम केलं आणि बोट निळ्या रंगावर ठेवलं. "हे." मी हसलो होतो. आजही ते हसणं आठवलं की लाज वाटते.

गेल्या हिवाळ्यात त्याच्याबरोबर बोटीतून गेलो. जे काठाच्या वर सरकून राहिले, त्यांचा दवाखाना बोटीवर, बाजारालाही बोट. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात पेरणी करतात. पाणी किती उतरेल हे मात्र त्यांच्या हातात नाही.

एका वळणावर त्याने बोटवाल्याला इंजिन बंद करायला सांगितलं. खाली बघत म्हणाला, इथे आमचा मोह होता. आई अजून विचारते, यंदा फुलला का म्हणून.

"काय सांगतोस मग?"

"सांगतो, फुलला."