देहाचा पहिला पहारा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात वाचलेले भाषण)



आपल्या चिटणीसांनी 'आरोग्य' ह्या विषयावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली. मी वैद्य नव्हे. जुनी मॅट्रिक होऊन मुलांना शास्त्र व गणित शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले असा एक शिक्षक आहे. पथ्यपाण्याचा उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. परंतु माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, पायात एक काटा मोडला आणि पुढे जे घडले त्यामुळे ह्या विषयाचे वाचन करणे मला भाग पडले. ते आपणांपुढे ठेवतो.

काटा मोडला की दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते, हाताला ऊन लागते आणि ठणकते. ही चार लक्षणे रोमन ग्रंथकार सेल्सस ह्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच नोंदविली होती. आपण समजतो की हा सारा जंतूंचा उपद्रव. वास्तविक त्यातील पुष्कळसा भाग म्हणजे आपल्याच देहाने केलेला बंदोबस्त असतो.

गंमत अशी की, ह्याचा उलगडा झाला तोही काट्यामुळेच. १८८२ साली इल्या मेचनिकॉव्ह हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ सिसिली बेटावरील मेसिना येथे राहत होता. घरची मंडळी सर्कशीतील माकडे पाहावयास गेलेली आणि हा एकटा सूक्ष्मदर्शकापाशी बसलेला. ताराम‍ाशाची पिले अगदी बाल्यावस्थेत काचेसारखी पारदर्शक असतात. त्याने बागेतून गुलाबाचे काटे आणून त्या पिलांच्या अंगात टोचले. त्या रात्री त्याला झोप आली नाही. सकाळी पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला! आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशीही जंतूंना अशाच घेरून गिळतात, असे त्याने प्रतिपादन केले. कित्येक विद्वानांनी त्याला विरोध केला. १९०८ साली मात्र त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

तरीही एक प्रश्न उरलाच. हा आपला आणि हा परका, हे त्या पेशीला कळते कसे? १९८९ साली चार्ल्स जेनवे ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने उत्तर सुचविले. जंतूंच्या जाती असंख्य असल्या तरी त्यांच्या वेष्टणात अशी काही द्रव्ये असतात, की जी आपल्या देहात कधीच तयार होत नाहीत. पहारेकरी पेशी तेवढीच खूण ओळखते. आलेला जंतू विषमज्वराचा की पटकीचा, ही चौकशी ती करीत बसत नाही. पुढे १९९६ साली फ्रान्समध्ये जूल्स हॉफमन ह्यांच्या प्रयोगशाळेत असे दिसून आले की, 'टोल' नावाचे जनुक बिघडलेल्या फळमाशा बुरशीच्या संसर्गाला तोंड देऊ शकत नाहीत. १९९८ साली ब्रूस बॉयटलर ह्यांना उंदरात त्याच कुळातील जनुक सापडले. ज्या उंदरांत ते बिघडलेले असते, त्यांना जंतूंच्या वेष्टणातील विष टोचले तरी काही होत नाही. परंतु तसले जिवंत जंतू अंगात शिरले की ते लवकर दगावतात. घंटाच वाजली नाही, तर फौज येणार कोठून? ह्या दोघांना २०११ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

घंटा वाजली की जखमेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. म्हणून लाली आणि ऊब. त्यांतून द्रव झिरपतो, म्हणून सूज. त्याच वाटेने न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी बाहेर पडून जंतूंवर तुटून पडतात. अस्थिमज्जा ह्या पेशी दररोज सुमारे १०० अब्ज तयार करते आणि त्यांचे आयुष्य थोडेच असते. ज्या पुवाची आपल्याला किळस येते, तो बव्हंशी ह्या धारातीर्थी पडलेल्या सैनिकांचाच असतो. हे सर्व काही तासांत घडते. विशिष्ट जंतूसाठी प्रतिद्रव्ये घडविणारी दुसरी फळी नव्या शत्रूपुढे उभी राहावयास कित्येक दिवस घेते. लस टोचणे म्हणजे त्या फळीची आगाऊ तालीम.

आता आक्काकडे वळतो. तिला मधुमेह होता. रक्तात साखर वाढलेली असली की ह्या पेशींची चाल मंदावते आणि पायाच्या नसा बधिर झाल्याने ठणकाही जाणवत नाही. आक्काने काटा काढला, हळदीचे पोटीस बांधले आणि ती कामाला लागली. पाचव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. सातव्या दिवशी सकाळी मी कपाळाला हात लावला तर अंग गार. "ताप उतरला, आता काळजी नाही," असे घरात मीच सांगितले. ती काहीसे असंबद्ध बोलत होती, धापही लागली होती. ते मी अशक्तपणावर ढकलले.

जी घंटा एका बोटापुरती वाजावयाची, ती तेव्हा सर्व देहात वाजत होती. ह्या अवस्थेस डॉक्टर 'सेप्सिस' म्हणतात. देहाची स्वसंरक्षणाची धडपडच बेताल होते. सगळीकडच्या रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब घसरतो आणि मूत्रपिंडे, फुप्फुसे, मेंदू ह्यांना रक्त पुरत नाही. अशा वेळी अंग तापण्याऐवजी गारही पडते, विशेषतः वृद्धांचे. म्हणजे ज्याला मी उतार समजलो, तो उतार नव्हताच. बोलण्यात गोंधळ, धाप, जलद नाडी, कमी झालेली लघवी, थंड व डागाळलेली कातडी ही लक्षणे संसर्ग झालेल्या माणसात दिसली, तर तासांचा हिशेब असतो, दिवसांचा नव्हे. हे मी आज पाठ म्हणून दाखवू शकतो. त्या सकाळी मला ह्यातील एकही अक्षर ठाऊक नव्हते.

दुपारी आम्ही तिला इस्पितळात नेले. तेथील डॉक्टरांनी नाडी धरता धरता पहिलाच प्रश्न विचारला, "ह्यांना शेवटची लघवी केव्हा झाली?" आम्ही घरची पाच माणसे खाटेभोवती उभी होतो. एकालाही सांगता आले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आक्का गेली.